लांबचं टकाटक दिसतंय, तरी सांधा चुकतोय: गुजरीतल्या एका कारागिराच्या डोळ्यांचा प्रकरण अभ्यास

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, साज (गळ्यातला कोल्हापुरी दागिना) घडवणारे कारागीर, वय ४३. हा कोणी एक ठरावीक माणूस नाही. बारीक काम करणाऱ्यांचे डोळे तपासताना जे पुन्हा पुन्हा समोर येतं, ते इथं एका माणसावर बसवून मांडलं आहे. आकडे मात्र एकमेकांशी जुळणारे ठेवले आहेत. कागद-पेन्सिल घेऊन कोणीही ताडून बघावेत.

तक्रार अशी. सकाळी कामाला बसल्यावर दोनेक तास सगळं ठीक चालतं. जेवणानंतर साजाच्या पानाची कड आणि तिच्यावर बसवायची तार एकमेकींत मिसळायला लागते. चिमट्यातली तार आडवी धरली की फुगल्यासारखी दिसते, उभी केली की पुन्हा बारीक होते. संध्याकाळी भुवयांच्या वर कपाळ ठणकतं. दुकान बंद करून गाडीवर बसल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं समोरच्या केएमटी बसची पाटी धूसर, मग आपसूक निवळते. सुट्टीच्या दिवशी यातलं काहीच होत नाही. ते तपासणीला आले ते डोकेदुखीसाठी नव्हे. डाख (सांधा जोडायला वितळवतात तो धातू) न पोचलेले सांधे वाढले आणि तयार झालेली पानं पुन्हा ज्योतीखाली धरायची वेळ येऊ लागली, म्हणून आले. साजात २१ पानं. त्यातली दोन-तीन फिरून करायची म्हणजे दिवसाची मजुरी तिथंच गेली.

चष्मा हवा का, या प्रश्नावर उत्तर ठरलेलं: "लांबचं टकाटक दिसतंय ओ. जवळचंच तेवढं दमवतंय." लायसन्सच्या वेळी तक्त्यावरची शेवटची ओळ वाचली होती, हा पुरावाही सोबत. पुरावा खोटा नव्हता. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यांना ६/६, म्हणजे पूर्ण नजरेइतकं, दिसत होतं. गोंधळ तिथूनच सुरू होतो.

आधीचे दोन चष्मे

पेटीतून दोन चष्मे निघाले. दोघांचीही गोष्ट डॉक्टरी कागदाइतकीच बोलकी होती.

पहिला रस्त्यावर मिळणारा तयार चष्मा, +२.५० चा. त्याआधी +१.०० आणि +१.५० चे दोन होऊन गेले होते, तेही दीड वर्षाच्या आत. तो लावला की अक्षरं, तार, सगळं मोठं आणि स्वच्छ दिसायचं. पण तासाभरात डोळे आत ओढल्यासारखे व्हायचे आणि तो कपाळावर सरकवला जायचा.

दुसरा एका चष्म्याच्या दुकानात "कॉम्प्युटरवर" डोळे तपासून केलेला. संध्याकाळी गाडी चालवताना धूसर दिसतं, एवढंच त्यांनी तिथं सांगितलं होतं. छापील चिठ्ठीत उजवा डोळा −०.२५, सिलेंडर (एकाच दिशेत लागणारा नंबर) −०.५०, डावा +०.२५, सिलेंडर −१.२५, दोन्हींचा अक्ष, म्हणजे सिलेंडर बसवायची दिशा, ९० अंशांच्या आसपास. दुकानदाराने बारीक सिलेंडर कशाला म्हणून ते गाळलं, सरासरी काढली आणि दोन्ही डोळ्यांना सरसकट −०.५० दिला. गाडीवर पाटी स्वच्छ दिसली. डोकेदुखी मात्र दुपटीने वाढली. का, ते पुढे येईलच.

एकाच माणसाकडे जवळसाठी अधिकचा चष्मा आणि लांबसाठी उण्याचा, आणि दोन्हींनी त्रास. इथंच थांबून पहिला प्रश्न विचारायला हवा: वय ४३ आणि जवळचा नंबर +२.५० कसा?

चाळिशीचा नंबर वयाप्रमाणे बऱ्यापैकी ठरलेला असतो. ज्याच्या डोळ्याला लांबचा काहीच नंबर नाही, त्याला त्रेचाळिशीत वाचायला +१.०० ते +१.२५ पुरतो. +२.५० ही साठीच्या घरातली गरज. वयाच्या मानाने जवळचा नंबर इतका जास्त निघाला की चाळिशीला दोष देत बसू नये, आधी लांबचा लपलेला प्लस शोधावा.

शब्दांचा फसवेपणा आणि शेजारचं मेज

दूरदृष्टी असलेला माणूस, ही मराठीत स्तुती आहे. शाळेच्या पुस्तकात मात्र दूरदृष्टिता हा दोष आहे, आणि नावावरून वाटतं तसं त्यात लांबचं 'चांगलं' दिसत नसतं. बुबुळापासून पडद्यापर्यंतची डोळ्याची लांबी कमी पडते, प्रतिमा पडद्याच्या मागे बनू पाहते आणि डोळा आतल्या भिंगाचा फुगवटा वाढवून तिला पुढे ओढून आणतो. तरुणपणी हे इतकं सहज होतं की माणसाला पत्ताच लागत नाही. मोठ्या माणसाच्या डोळ्याची लांबी साधारण २४ मिलिमीटर. त्यात एक मिलिमीटरची कमतरता म्हणजे अडीच ते तीन डायॉप्टरचा (भिंगाची ताकद मोजायचं माप, चष्म्याचा नंबर यातच असतो) प्लस नंबर. आपल्या कारागिरांचा डोळा उणा पडतो तो एका मिलिमीटरच्या तिसऱ्या ते निम्म्या हिश्श्याने, बस्स.

निकटदृष्टितेचं उलट. लांबी जास्त, प्रतिमा पडद्याच्या पुढे, आणि डोळ्याकडे भिंग चपटं करून ती मागे ढकलायची सोय नाही. म्हणून मायनस नंबरवाला पोर चौथी-पाचवीतच फळा दिसत नाही म्हणून पकडला जातो. प्लसवाला चाळीस वर्षं सुटतो.

गुजरीत गैरसमज पक्का व्हायला शेजारचं मेज कारणीभूत असतं. तिथं बसणारे ५२ वर्षांचे कारागीर कामाला बसताना चष्मा काढून ठेवतात आणि उघड्या डोळ्यांनी जव (साजातले बारीक मणी) ओवतात. सगळे म्हणतात, त्यांना चाळिशी लागलीच नाही. त्यांचा लांबचा नंबर −३.०० आहे, एवढंच त्यामागचं रहस्य. −३.०० च्या डोळ्याचा स्वतःचा बिंदू १ भागिले ३, म्हणजे ३३ सेंटिमीटरवर असतो. तिथलं बघायला त्यांच्या भिंगाला काही करावंच लागत नाही. चाळिशी त्यांनाही लागली आहे, फक्त लांबचा चष्मा काढला की ती दिसत नाही. त्यांच्याकडे बघून "चष्मा लावला की डोळं बिघडत्यात" हा निष्कर्ष काढला जातो.

तपासणी

पहिली गोष्ट पट्टीची. कारागिरांना अर्धवट झालेलं पान आणि चिमटा सोबत आणायला सांगितलं होतं. नेहमीसारखं बसवून डोळ्यापासून पानापर्यंतचं अंतर टेपने मोजलं: २८ सेंटिमीटर. हा आकडा घेतल्याशिवाय जवळचा नंबर काढू नये. दुकानातला वाचायचा तक्ता ४० सेंटिमीटरवर धरतात. ४० वर डोळ्याला २.५० डायॉप्टर जोर लागतो, २८ वर ३.५७. फरक एका डायॉप्टरहून जास्त. तक्त्यावर अचूक निघालेला नंबर मेजावर तोकडा पडतो तो इथंच.

मग लांबचं, एकेक डोळा झाकून. उजवा ६/६, पण शेवटच्या ओळीत दोन अक्षरं अडखळत. डावा ६/१२. दोन्ही उघडे ठेवले की उजवा डाव्याला सांभाळून घेतो आणि उत्तर ६/६ येतं. एक डोळा हातानं झाकतानाही चूक होते: बोटांच्या फटीतून डोकावणं किंवा बुबुळ दाबून धरणं. पुठ्ठ्याचं झाकण वापरावं. दाबलेला डोळा उघडल्यावर मिनिटभर धूसर दिसतो आणि त्याचा आकडा उगाच पडतो.

डाव्यासमोर बारीक छिद्राची तबकडी धरली तर ६/६. छिद्रातून सुधारलं म्हणजे दोष बहुधा नंबरातला. मोतीबिंदू किंवा पडद्याचा आजार असता तर एवढा फरक पडला नसता.

कॉम्प्युटरचं वाचन तीन वेळा घेतलं. सिलेंडर आणि अक्ष तिन्ही वेळा जवळपास तेच. मुख्य नंबर मात्र उजव्याला +०.५०, ०.००, −०.२५ असा सरकत राहिला. यंत्रात डोकावताना चित्र लांबचं असतं, पण मेंदूला ते डोळ्यापुढचं डबडं वाटतं आणि भिंग आपोआप फुगतं. ते फुगलं की प्लस लपतो किंवा मायनस होऊन छापला जातो. दुकानाच्या चिठ्ठीत नेमकं हेच झालं होतं. चिठ्ठी खोटी नव्हती, ती दमलेल्या आणि आवळलेल्या डोळ्याची होती. दुकानदाराने तिला पूर्ण सत्य मानलं. दिवसभर २८ सेंटिमीटरवर आवळून धरलेला भिंगाचा स्नायू संध्याकाळी लगेच सैल होत नाही, म्हणून केएमटीची पाटी पंधरा मिनिटं धूसर. त्या धूसरपणावर मायनस देणं म्हणजे आधीच कमी पडणाऱ्या डोळ्यावर आणखी अर्ध्या डायॉप्टरचं ओझं.

रेटिनोस्कोपने (डोळ्यात उजेड टाकून नंबर काढायचं उपकरण) ६७ सेंटिमीटरवरून बघून त्या अंतराचे १.५० वजा केल्यावर उजव्याला +०.७५ च्या जवळ उत्तर आलं. तेही अपुरंच. खरा आकडा बाहेर आला तो धुकं पाडून.

धुकं पाडणं म्हणजे चाचणीच्या फ्रेममध्ये मुद्दाम जास्त प्लस घालून नजर ६/२४-६/३६ पर्यंत खाली आणायची. भिंगाने आणखी जोर लावला तर दिसणं अधिकच बिघडतं, म्हणून स्नायू हळूहळू सोडून देतो. काही मिनिटं तसंच बसवायचं, लांब बघायला सांगायचं आणि मग पाव-पाव डायॉप्टरने प्लस उतरवत जायचं. यात एक बारकावा हमखास चुकतो. काच बदलताना जुनी काढून मग नवी घातली, तर मधल्या क्षणी डोळा उघडा पडतो आणि स्नायू लगेच आवळतो. दहा मिनिटांची मेहनत पाण्यात. आधी नवी काच घालायची, मगच जुनी काढायची. आणि ६/६ ज्या सर्वात जास्त प्लसवर दिसतं तिथं थांबायचं. "आता जास्त काळं दिसतंय" म्हणून आणखी उतरवत गेलात तर परत दुकानाच्या चिठ्ठीवर पोचाल.

सिलेंडर ±०.२५ च्या फिरत्या भिंगाने पक्कं केलं: आधी अक्ष, मग ताकद, आणि सिलेंडर −०.५० ने वाढवलं की मुख्य नंबरात +०.२५ टाकायचं. शेवटी लाल-हिरव्या पाटीवर दोन्ही बाजू सारख्या दिसल्यावर थांबलं. कागदावर उतरलं ते असं:

उजवा: +१.२५, सिलेंडर −०.५०, अक्ष ९०. नजर ६/६.
डावा: +१.७५, सिलेंडर −१.२५, अक्ष ९०. नजर ६/६.

डोळ्यात थेंब टाकून तपासायचं की नाही, हा यात सर्वात महत्त्वाचा निर्णय. आखूड डोळ्यात पुढचा कप्पा उथळ असतो आणि पाणी वाहून जायचा कोन अरुंद असू शकतो. अशा डोळ्यात बाहुली मोठी करणारा थेंब टाकला आणि कोन बंद झाला, तर काही तासांत दाब चढून डोळा धोक्यात येतो. म्हणून आधी स्लिट लॅम्पवर (डोळा मोठा करून बघायचं यंत्र) कोनाची खोली आणि डोळ्याचा दाब बघितला. दाब १५ आणि १६, म्हणजे सामान्य; कोन पुरेसा मोकळा. मगच सुट्टीच्या दिवशी एक टक्का सायक्लोपेंटोलेट (भिंगाचा स्नायू सैल करणारा थेंब) टाकून पाऊण तासाने पुन्हा मोजलं. दोन्ही डोळ्यांत आणखी अर्धा डायॉप्टर प्लस निघाला. थेंबाच्या दिवशी गाडी स्वतः चालवत यायचं नाही आणि त्या दिवशी मेजावर बसायचंही नाही, हे आधीच बजावलं होतं. थेंबाखाली निघालेला सगळा आकडा चष्म्यात घालत नाहीत. तो किती लपलंय हे कळण्यापुरता.

रक्तातली साखर, मोतीबिंदू, डोळ्यांचा कोरडेपणा हेही बघितलं. साखर चढ-उतार करत असेल तर नंबरही आठवड्याला बदलतो, तेव्हा चष्मा करायची घाई नको. इथं साखर ठीक होती. कोरडेपणा थोडा होता: ज्योतीकडे टक लावून बघताना पापणी मिटायची विसरते.

हिशोब

४३ व्या वर्षी भिंगाची फुगायची सरासरी ताकद १८.५ वजा वयाच्या ०.३ पट, म्हणजे ५.६ डायॉप्टर. या कारागिरांची नंबर लावून प्रत्यक्ष मोजली तेव्हा ४.५ भरली. आता खर्च बघू. २८ सेंटिमीटरसाठी ३.५७, त्यावर न भरलेला प्लस, दोन्ही डोळ्यांची सिलेंडरसकट सरासरी धरून साधारण १.०. एकूण ४.५७. जमा ४.५०.

म्हणजे सकाळी आठ तास झोप काढून आलेला डोळा शेवटच्या पैशापर्यंत खर्च करून काम रेटतो आणि दुपारी दिवाळखोरीत जातो. आरामात काम करायचं तर जमेच्या निम्मीच ताकद खर्चावी, असा साधा दंडक आहे: इथं सव्वादोन. −०.५० चा चष्मा लावून कधी मेजावर बसले तर खर्च पाचाच्या वर. डोकं दुखायचं कारण शोधायला वेगळ्या तपासण्या नकोत.

सांधे का चुकतात याचाही हिशोब लागतो. ६/६ नजर म्हणजे एका कलेचा, अंशाच्या साठाव्या भागाचा, तपशील वेगळा ओळखणं. २८ सेंटिमीटरवर तो ०.०८ मिलिमीटर होतो. दुपारी जवळची नजर ६/१२ वर घसरली की तोच आकडा ०.१६. मधल्या मापाची फट, जिथं डाख वाहत गेलीच नाही, ती दिसतच नाही. पान घासून उजळताना उघडी पडते.

तार आडवी फुगते आणि उभी बारीक होते ते सिलेंडरमुळे. बुबुळाचा आकार चेंडूसारखा सारखा नसून थोडा अंड्यासारखा असला की उभ्या आणि आडव्या दिशेची ताकद वेगळी होते. डाव्या डोळ्यात आडव्या दिशेला फक्त +०.५० कमी, उभ्या दिशेला +१.७५. डोळा स्वस्तातला सौदा करतो, म्हणजे आधी +०.५० भरून काढतो. आडव्या दिशेची ताकद उभ्या रेघा स्वच्छ करते, म्हणून उभी तार नीट आणि आडवी पसरलेली. कारागीर नकळत प्रत्येक सांधा फिरवून उभा करत होते. त्यात मनगट वाकडं आणि मान दुखते ती वेगळीच.

आणि प्रकाश. खिडकीशी दिवसा काम बरं व्हायचं, त्याचं कारण ताजा डोळा एवढंच नाही. झगझगीत उजेडात बाहुली ४ मिलिमीटरवरून २ वर येते आणि नंबर न भरलेला असला तरी पडद्यावरचा धूसर ठिपका निम्मा होतो. म्हणून मेजावरचा दिवा दरवर्षी मोठा होत गेला होता. मोठा दिवा दोष झाकतो, घालवत नाही. शिवाय उजळलेल्या सोन्यावरून तो उलटा डोळ्यात मारतो.

+२.५० बरोबर होता, तरी चष्मा चूक

इथं कोणाला शंका येईल. लांबचा सरासरी प्लस १.०० आणि जवळसाठी लागणारा जादा १.२५ (३.५७ वजा सव्वादोन, गोळाबेरीज) मिळून २.२५. मग तयार +२.५० जवळपास बरोबरच झाला की! ताकदीने, हो. म्हणूनच त्यातून स्वच्छ दिसायचं. चुकत होतं ते बाकीचं.

तयार चष्म्यात सिलेंडर नसतं. डाव्या डोळ्याची आडवी तार तशीच फुगलेली राहिली. आणि भिंगांचे केंद्र. लेन्सोमीटरवर (भिंगाचा नंबर आणि केंद्र मोजायचं यंत्र) ठिपके टाकून मोजलं तर दोन केंद्रांत ६४ मिलिमीटर. कारागिरांच्या बाहुल्यांमधलं अंतर लांब बघताना ६०, आणि २८ सेंटिमीटरवर बघताना डोळे आत वळल्याने ५५. तफावत ९ मिलिमीटर. केंद्र सोडून बघितलं की भिंग प्रिझमसारखं वागतं: सेंटिमीटरमधलं अंतर गुणिले ताकद. ०.९ गुणिले २.५० म्हणजे सव्वादोन प्रिझम (प्रकाश किती वळतो त्याचं माप), तेही डोळ्यांना आणखी आत वळायला लावणारं. २८ सेंटिमीटरवर डोळे आधीच १९-२० प्रिझम आत वळलेले असतात. त्यात प्लस लावल्यावर भिंगाचा जोर कमी होतो आणि त्याच्याबरोबर आपोआप आत वळायची ओढही कमी होते. तूट स्नायूंना ओढाताण करून भरावी लागते. "डोळे आत ओढल्यासारखे" हे शब्द त्यांनी अंदाजाने वापरले होते, पण वर्णन तंतोतंत होतं.

बसमध्ये तिकीट वाचायला, लग्नपत्रिका बघायला तयार चष्मा चालतो. त्याला उगाच शिव्या देण्यात अर्थ नाही. रोजचे आठ-नऊ तास त्याच्यावर काढायचे म्हटले की तो चालत नाही.

काय दिलं

मेजासाठी एकाच नंबराचा, फक्त जवळचा चष्मा: उजवा +२.५०, सिलेंडर −०.५०, अक्ष ९०; डावा +३.००, सिलेंडर −१.२५, अक्ष ९०. केंद्रांतलं अंतर ५५. बायफोकल टाळला, कारण त्याचा जवळचा भाग खाली आणि छोटा. मान वाकवून काम करणाऱ्याची नजर वरच्या भागातून जाते आणि बघायला हनुवटी उचलावी लागते. प्रोग्रेसिव्ह (वरून खाली नंबर हळूहळू बदलत जाणारा) गाडीवर, दुकानात, बोलता-चालता सोयीचा. पण त्याचा जवळचा स्वच्छ पट्टा अरुंद, आणि साजाचं पान हातात फिरत असतं. या चष्म्यातून ८० सेंटिमीटरपलीकडचं धूसर दिसणार, हे आधीच सांगितलं. न सांगितल्यास माणूस दुसऱ्या दिवशी "लांबचं गेलं" म्हणून परत येतो. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की चष्मा उतरवायचा.

काच प्लॅस्टिकची. ज्योतीतून उडालेली तापलेली ठिणगी काचेच्या भिंगावर खड्डा पाडते. प्लॅस्टिकवर तो डाग तुलनेने कमी पडतो, आणि फुटून डोळ्यात जायची भीतीही कमी. ओरखड्यांसाठी कडक थर घेतला. चमक घालवणारं कोटिंग मेजाच्या चष्म्याला मुद्दाम घेतलं नाही: सततच्या उष्णतेने त्याला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे जातात. पॉलिशच्या चाकावर बसताना वरून संरक्षक चष्मा वेगळा.

लांबचा दुसरा चष्मा, अर्धा डायॉप्टर कमी करून: उजवा +०.७५, डावा +१.२५, सिलेंडर तेच पूर्ण. चाळीस वर्षं आवळून बघायची सवय असलेल्या डोळ्याला पहिल्याच दिवशी पूर्ण प्लस दिला की लांबचं धूसर दिसतं आणि चष्मा पेटीत जातो. टप्प्याटप्प्यानेच. −०.५० चा चष्मा बंद.

दोन्ही नंबर चाचणीच्या फ्रेममध्ये घालून, स्वतःचं पान आणि चिमटा हातात देऊन वीस मिनिटं बसवलं. तक्त्यावरची अक्षरं वाचून घेण्यापेक्षा ही वीस मिनिटं जास्त सांगतात.

दिवा डाव्या बाजूने, डोळ्याच्या पातळीखालून पण सरळ सोन्यावर आपटणार नाही अशा तिरक्या कोनात, समोर दुधी काच लावून. दर वीस-पंचवीस मिनिटांनी मान वर करून गल्लीच्या टोकाकडे बघायचं; निदान सहा मीटर लांब, तेवढ्यात दहाएक वेळा पापण्या पूर्ण मिटायच्या. डोळ्याला लावायचं दहापट भिंग तपासणीपुरतंच, घडवताना नाही. त्याचं काम अडीच सेंटिमीटरवरून चालतं आणि एका डोळ्याने खोलीचा अंदाज जातो.

तिसऱ्या आठवड्यातली अडचण

पहिले चार-पाच दिवस पायरी उंच वाटली, मेजाची कड किंचित वाकडी. सिलेंडर पहिल्यांदा लावल्यावर हे होतंच. अक्ष ९० वर असल्याने तिरप्या अक्षाइतका त्रास झाला नाही. आठवड्याभरात गेलं. दुपारची डोकेदुखी दुसऱ्या आठवड्यात थांबली.

तिसऱ्या आठवड्यात डावा डोळा पुन्हा धूसर. नंबर बदलला, अशी त्यांची खात्री. लेन्सोमीटरवर धरलं तर ताकद तीच. अक्ष ९० ऐवजी १०५. गोल फ्रेम घेतली होती, आणि रोज कापडाने जोरात पुसताना भिंग फ्रेममध्ये हळूहळू फिरलं होतं. १५ अंशांच्या चुकीने शिल्लक राहणारं सिलेंडर दुप्पट ताकद गुणिले १५ अंशांचा साइन, म्हणजे ०.६५ डायॉप्टर: निम्मं सिलेंडर वाया. भिंग ३० अंश फिरलं असतं तर न लावल्यासारखंच झालं असतं. उपाय नवा नंबर नव्हता. चौकोनी फ्रेम, एवढंच. सिलेंडरवाल्याने गोल फ्रेम घेऊच नये असं नाही, पण घेतली तर खाच घट्ट आहे ना ते बघून घ्यावं आणि पुसताना भिंग चिमटीत धरून गरगर फिरवू नये.

आठव्या आठवड्याला लांबचा नंबर पूर्ण केला, +१.२५ आणि +१.७५. यावेळी लांबचं धूसर वाटलं नाही. स्नायू सैल व्हायला शिकला होता. गाडीवरची पंधरा मिनिटांची धूसर पाटी आता नाही. जवळचा जादा नंबर ४६-४७ च्या सुमारास पुन्हा वाढेल, तेव्हा अंतर मोजूनच बदलायचा.

त्यांच्या दोन्ही मुलांची तपासणी थेंब टाकून करायला सांगितली आहे. लहान मुलाची भिंगाची ताकद १०-१२ डायॉप्टरच्या पुढे असते, त्यात मोठा प्लसही मुरून जातो आणि शाळेच्या तक्त्यावर ६/६ च येतं.

कार्डावर नंबरांच्या खाली दोन ओळी लाल शाईने आहेत. एक: कामाचं अंतर २८ सेंमी. दुसरी: आखूड डोळा, कोन दरवर्षी तपासणे. वयाबरोबर भिंग जाड होतं आणि अशा डोळ्यातला कोन आणखी अरुंद होत जातो. दिव्यांभोवती रंगीत कडी, एका डोळ्यात तीव्र कळ, लाल डोळा आणि उलटी एकत्र आली, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री नेत्रतज्ज्ञ असलेलं रुग्णालय गाठायचं, हे घरच्यांनाही सांगून ठेवलं आहे.